शनिवारचं पाणी

खंडेनवमीच्या सकाळी विहिरीच्या काठावर खुर्ची मांडलेली दिसली, तेव्हाच प्रेमलताने ओळखलं, की आज आपल्याकडून काहीतरी हवं आहे.

वटारच्या त्या वाडीत खुर्ची निघायची ती पाहुण्यासाठी, डॉक्टरसाठी, नाहीतर सोयरीक घेऊन येणाऱ्यासाठी. घरच्या माणसांना विहिरीचा काठ होता. दर खंडेनवमीला कोयते, कुदळी, फावडी धुऊन मांडायची, पाण्याच्या मोटरला झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, आणि मग काठावर बसून वर्षाच्या पाण्याचं बोलायचं, हा वडिलांपासूनचा, हरिभाऊंपासूनचा शिरस्ता. बोलणार कोण, तर ज्याच्या नावावर पाण्याचा वार आहे तो. विहीर एक, वार सात. तीन मोरेश्वरचे, तीन सुधाकरचे आणि शनिवार प्रेमलताचा. म्हणजे हिशेबाने काठावर तिघं बसायला हवीत. बसत तिचे दोघं भाऊ. प्रेमलता जांभाच्या झाडाखाली प्रसादाचं ताट धरून उभी असायची. तिला बसू नको असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

"आत्या, बसा," विघ्नेशने खुर्ची पुसून दिली. मोरेश्वरचा हा मुलगा एरवी तिच्या खोलीवरून मोटरसायकल नेताना हॉर्नसुद्धा वाजवत नसे.

प्रेमलता बसली. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत रोज बसणारी बाई, पण इथे तिला पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

शनिवार तिला मिळाला त्याची गोष्ट गावात अजून हसत हसत सांगितली जाई. हरिभाऊंनी शेवटच्या वर्षात वाडी दोन मुलग्यांना वाटून दिली. लग्न न झालेल्या मुलीला कडेची एक खोली, पुढे हातभर अंगण आणि शनिवारचं पाणी. जमीन नाही आणि पाणी? त्या पाण्याने काय, पाटीवरचा खडू भिजवायचा? लोक हसले, प्रेमलतालाही तेव्हा थोडं वाईटच वाटलं होतं. बाबांनी कारण सांगितलं नाही. ते तिला कळलं बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. केळीला पाणी कमी पडायला लागलं आणि एका शनिवारी दुपारच्या चहाला सुधाकर तिच्या पायरीवर येऊन बसला. पुढच्या शनिवारी मोरेश्वर. "प्रेमा, आजचं पाणी देतेस का?" ती एकदा याला द्यायची, एकदा त्याला. चहा दोघांनाही. कोणी मुलीसाठी दागिने ठेवतं, कोणी जमीन. हरिभाऊंनी चौकशी ठेवली होती. आपल्यामागे आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी हिच्या दाराशी यावं, एवढी सोय त्यांनी विहिरीला लावून दिली होती.

सोय चोख होती. मात्र बाकीच्या सहा दिवसांत कोणी येत नाही, हे गणिताच्या बाईंच्या नजरेतून सुटणार थोडंच.

येत होती ती एकच, सुधाकरची सुरुची. सातवीत असताना अभ्यासाला म्हणून आली, कारण घरी टीव्ही आणि भाऊ, दोघंही मोठ्याने चालू असत. उशीर झाला म्हणून एकदा झोपली आणि मग तिथेच झोपायला लागली. आत्याच्या खोलीत तिची चादर आली, मग तिची पुस्तकं आली, मग पान्ह्यांचा डबा आला. विहिरीवरची मोटर अडली की आधी तिला हाक जाई. मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तेव्हा मोरेश्वर म्हणाला होता, चला, घरात फुकटचा मेकॅनिक झाला. तोवर सगळं हसण्यावारी होतं.

पंधरवड्यापूर्वी पत्र आलं. कोल्हापूरकडच्या एका पंपाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून तिची निवड झाली होती. काम शॉपवर, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, पंपाची जुळणी. दिवाळीनंतर हजर व्हायचं. त्या शॉपवर आजवर मुलगी घेतलेली नव्हती. सुधाकरने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, दादाला विचारतो. त्याची बायको मीरा तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

आज मोरेश्वरने सुरुवात विहिरीपासून केली. हळूहळू आणि खोकत, कारण आवाज बेताचा ठेवला की आपण न्यायाने बोलतोय असं वाटतं, हे त्याला साठाव्या वर्षापर्यंत पक्कं ठाऊक झालं होतं. विघ्नेशने टँकरवाल्याशी बोलणं केलं होतं. विरारला फुलपाड्याकडे नव्या इमारती उभ्या राहिल्या, नळ नाहीत, बायका हंडे घेऊन रस्त्यावर असतात. पाणी विकणं म्हणजे एका परीने सेवाच. बाकीचे वार आपापल्या बागेला लागतात, तेव्हा टँकरला शनिवार द्यावा. एकच तर दिवस.

सुधाकर म्हणाला, की पलीकडच्या वाडीत टँकर भरायला लागले आणि दोन उन्हाळ्यांत विहीर मचूळ झाली. समुद्र काही लांब नाही. गोडं पाणी उपसलं की खारं आत येतं. तो हे मोटरकडे बघत म्हणाला. मोरेश्वरने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि सुधाकरने झेंडूची माळ नीट केली. पन्नाशीचा माणूस, सरकारी कचेरीत हाताखाली चारजण, पण दादासमोर त्याचा आवाज अजून अर्ध्या चड्डीतला होता.

"आणि दुसरं, सुरुचीचं," मोरेश्वर म्हणाला.

ही दुसरी गोष्ट नव्हती. पहिलीचंच ते दुसरं टोक होतं. मुलगी एकटी परमुलखात, पुरुषांच्या कारखान्यात, पाळ्यांची नोकरी. आगाशीचं स्थळ आलंय, ते काय म्हणतील? ते नाही जमायचं. पण मुलीला शिकवलीय तर तिचं शिक्षण फुकट घालवावं असं म्हणणारा मोरेश्वर नव्हे. त्याने विचार करून ठेवला होता. प्रेमाच्या शाळेत संगणक आलेत, शिकवायला माणूस हवाय. सुरुचीला तिथे घ्यावं. आत्याबरोबर जाईल, आत्याबरोबर येईल. लग्न होईपर्यंत तुझ्याच खोलीत राहील, आणि आगाशी काय, हाकेवर आहे.

"तुलाही आता वय होतंय, प्रेमा," तो म्हणाला, आणि ते त्याने खरोखर मायेने म्हटलं. "एकटी किती दिवस काढशील? तू शनिवार सोड. मुलगी तुझ्याजवळ राहील हे मी बघतो."

मोरेश्वर दुष्ट असता तर बरं झालं असतं. पण त्याने तिचं दुखणं अगदी बरोबर ओळखलं होतं. इतकी वर्षं शनिवारी येऊन चहा पिताना त्याने ती रिकामी खोली बघितली होती तर.

प्रेमलताला सगळं दिसलं. पायरीवर चपलांचे दोन जोड. सकाळी शाळेला निघताना "आत्या, किल्ली घेतलीस ना?" संध्याकाळी कुकरची शिट्टी आणि दुसऱ्या माणसाचं खोकणं. निवृत्तीनंतरची ती लांबच लांब दुपार, जिच्याकडे बघायचं ती टाळत होती, त्या दुपारीसुद्धा कोणीतरी साडेपाचला घरी येणार. फक्त हो म्हणायचं होतं. पोरीला कोणी मारत नव्हतं, कोंडत नव्हतं. चांगली शाळेतली नोकरी होती. बाईला शोभणारी. हीच नोकरी प्रेमलताने जन्मभर केली होती आणि बक्षीस समारंभात तिला शाल मिळाली होती.

सुरुची जांभाच्या झाडाखाली उभी होती. प्रसादाचं ताट यंदा तिच्या हातात होतं.

त्या ताटाकडे बघता बघता प्रेमलताला आपली पहिली शाळा आठवली. शिक्षकांच्या खोलीत ती एकटी बाई. सगळे चांगले होते, खुर्ची द्यायचे, ताई म्हणायचे. फक्त त्या शाळेत बाईने जायची जागा नव्हती. मुलींनासुद्धा नव्हती, त्या मधल्या सुट्टीत घरी पळायच्या. कोणी मुद्दाम टाळली होती असं नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रेमलता सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. घरी आली की बाबा विचारत, तोंड का सुकलंय? ती म्हणे, ऊन. अशी अकरा वर्षं. ज्या घरात विहीर भरलेली, त्या घरातली पोर.

"सुरुची," ती म्हणाली, "त्या कारखान्यात बायकांना संडास आहे का?"

विघ्नेश विहिरीत वाकून पाण्याची पातळी बघू लागला.

"प्रेमा, हे काय बोलायचं ठिकाण आहे?" मोरेश्वर म्हणाला.

"मग कुठे बोलू? इथे पाण्याचंच चाललंय ना?"

सुरुचीला मात्र प्रश्नाचं काही वाटलं नाही. जणू कोणीतरी कामाचं विचारलं, याचंच तिला बरं वाटलं. "शॉपवर नाहीये, आत्या. ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये आहे, लांब पडतं. मी इंटरव्ह्यूतच विचारलं."

"काय म्हणाले?"

"आधी हसले. मग एकाने लिहून घेतलं. म्हणाले, तुम्ही आलात तर बांधावं लागेल."

"आणि नाही बांधलं तर?"

"तर रोज विचारेन. माझं जुळणीचं टेबल साहेबांच्या केबिनच्या समोरच आहे. कंटाळतील आणि बांधतील."

प्रेमलताने पदराने चष्मा पुसला. रोज विचारेन. अकरा वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं. आपल्याला नोकरी दिलीय हेच उपकार, वर आणखी काय मागायचं, असं तिला वाटायचं. ही पोर नोकरी लागायच्या आधीच मागून आली होती. हिला आपल्या शाळेत आणून बसवायचं म्हणजे हिलाही हळूहळू तहान मारायला शिकवायचं.

तरी तिच्या तोंडून "जाऊ दे" निघेना. प्रामाणिकपणे सांगायचं तर निघेना. आणि "राहू दे" म्हणवेना. चार माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. त्यातले भाऊ तर आयुष्यभर तिला न विचारता ठरवत आलेले, आणि आज ठरवायचं ते नेमकं तिच्यावर. तेवढ्यात तिला दिसलं, की स्वयंपाकघराच्या दारात मीरा चहाचा ट्रे घेऊन उभी आहे. चहावर साय धरली होती. म्हणजे बराच वेळ उभी होती. तिला कोणी काहीच विचारलं नव्हतं. मुलगी तिची.

खरं तर नणंद-भावजयांत फार गोडी नव्हती. भांडण कधी झालं नाही, म्हणून मिटवायचाही प्रश्न आला नाही. सुरुचीची चादर ज्या दिवशी आत्याच्या खोलीत आली, त्या दिवसापासून मीराने त्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. भाजी, आमटी, सणाचं गोड, सगळं सुरुचीच्या हाती पाठवायची. डबा धुऊन परत जायचा. दोघींमध्ये डब्याशिवाय काही येत-जात नव्हतं. आज ही बाई काय बोलेल ते सांगता येत नव्हतं. बहुधा नकोच म्हणेल.

"माझा शनिवार," प्रेमलता म्हणाली, "मी मीराला दिला."

मोरेश्वरला आधी ते नीट ऐकूच आलं नसावं. मग तो म्हणाला, की सुधाकरचे तीन वार आहेतच, नवऱ्याचं ते बायकोचं.

"नवऱ्याचं नवऱ्याजवळ. हा तिचा. बाबांनी काय सांगितलं होतं? प्रेमाचा शनिवार प्रेमा देईल त्याचा. तुम्हीच इतकी वर्षं तसा घेत आलात, दादा. आज कायमचा दिला, एवढंच." तिने खुर्चीवरून उठून खुर्ची वळवली. "वार ज्याचा, तो बोलतो. मीरा, बस इथे. टँकरचं तू सांग, आणि तुझ्या मुलीचंही."

मीरा बसली नाही. ट्रे तेवढा खुर्चीवर ठेवला. हात रिकामे झाल्यावर तिला काय करावं कळेना, म्हणून ते तिने पदरात गुंडाळले.

"मला विचारायचं आधी सुचलं नाही कोणाला," ती म्हणाली. "हिलासुद्धा नाही सुचलं." हे मुलीकडे बघून. "पत्र आलं ते आधी वन्संना दाखवलं. मग बापाला. मला तांदळाच्या ताटावर."

सुरुचीने प्रसादाचं ताट काठावर ठेवलं.

"इथे शाळेत लागली तर काय होणार? वन्संच्या शाळेत, वन्संच्या खोलीत. मला भिंतीपलीकडून तिचा आवाज. जन्म दिला मी, आणि डबे पाठवते." मीराचा आवाज चढला नव्हता. ती बाजाराचा हिशेब सांगावा तशी सांगत होती. "कोल्हापूरला गेली तर निदान दोघींना सारखीच लांब. जाऊ दे तिला."

कोणालाच ते कारण आवडलं नाही. सुधाकरला ते लागलं, मोरेश्वरला ते बायकी वाटलं, आणि सुरुचीच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमलताला मात्र वाटलं, की गेल्या कित्येक वर्षांत या काठावर इतकं खरं कोणी बोललं नसेल. ते सरळ तिच्या छातीत येऊन बसलं होतं, तरीसुद्धा.

"आणि टँकर?" विघ्नेशने विचारलं.

"पाणी मचूळ झालं की त्यात डाळ शिजत नाही, विघ्नेश," मीरा म्हणाली. "मग तुझे बाबा काय जेवतील ते ठरव, आणि मग ये विचारायला."

बायको गेल्यापासून मोरेश्वर दोन्ही वेळा मीराच्या हातचं जेवत होता. त्याने सायीचा चहा उचलला, प्यायला आणि म्हणाला, गार झालाय. एवढा निषेध नोंदवून तो उठला. सुधाकर मागे राहिला. मग मुलीजवळ जाऊन त्याने विचारलं, की तिकडे थंडी असते का, स्वेटर लागेल का. त्याच्यापरीने तोच होकार होता.

दिवाळी नेहमीसारखी झाली. सुरुची गेली त्या दिवशी मीराने तिच्या पिशवीत चकल्यांचा डबा ठेवला आणि प्रेमलताने स्टीलची पाण्याची बाटली. "भरून ने," ती म्हणाली, "आणि पी." सुरुचीने आत्याला मिठी मारली, मग आईला. कोणाला किती वेळ, हे दोघींनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

पुढचे दिवस शाळेत गेले. शनिवार मात्र अर्ध्या दिवसाचा. प्रेमलता घरी आली, कपडे बदलले, आधण ठेवलं. दोन कपांचं. हात आपोआप तेवढंच पाणी घेत होता. आता कोणी यायचं कारण नव्हतं हे तिला कळत होतं. ज्याला पाणी हवं तो मीराच्या दारी जाईल. बाबांनी लावून दिलेली सोय तिने स्वतःच्या हाताने उचलून दुसऱ्या उंबऱ्याला बांधली होती. बरोबरच केलं. पण म्हणून पायरी कमी रिकामी दिसत नव्हती. खोलीत चादर घडी केलेली, पान्ह्यांचा डबा गेलेला, त्या जागी फरशीवर गंजाचा चौकोन.

चार वाजून गेले. विहिरीवर मोटर सुरू झाली, कोणी हाक न मारता, कोणी न विचारता. दादाच्या बागेत की सुधाकरच्या, ती कान देऊन ऐकत राहिली. पाणी कुठल्या पाटाने गेलं ते तिला आवाजावरून कळायचं. आज काही कळेना. तिने दोन्ही कप भरले आणि एक समोर ठेवून दुसरा प्यायला घेतला.

मग अंगणात काहीतरी सळसळलं. तिला वाटलं, साप. पायरीवर येऊन बघते तो हातभर अंगणाच्या कडेने कोणीतरी मातीत नवीन चर ओढला होता, सकाळी ती शाळेत असताना ओढला असणार, आणि त्यातून पाणी येत होतं. पुढे पालापाचोळा, मुंग्या, केळीच्या वाळक्या पानाचा तुकडा ढकलत हळूहळू येत होतं. तिच्या एकुलत्या एक जास्वंदीपाशी ते थांबलं, आळं भरलं आणि उरलेलं पायरीला येऊन लागलं. इतकी वर्षं शनिवार तिचा होता, पण त्या शनिवारचं पाणी तिच्या दारापर्यंत कधी आलं नव्हतं. जास्वंदीला ती आंघोळीच्या बादलीतलं घालायची.

पाण्याबरोबर माणूस कोणी नव्हतं. तिने पाटाच्या रेषेवरून नजर मागे नेली. लांब, जिथे पाट वळतो तिथे, मीरा साडी खोचून फावडं घेऊन उभी होती. इकडे बघत नव्हती. बघायचं नाही असं ठरवून उभी होती.

प्रेमलता आत गेली. समोर ठेवलेला भरलेला कप तिने उचलला, त्यावर बशी झाकली. चपला घालायच्या राहिल्या. पाटाच्या कडेने, ओल्या मातीत पाय रुतवत, चहा सांडू नये म्हणून सावकाश, ती वळणाकडे चालायला लागली.